टेपचं बिल द्या, फिजिओ मॅडम

फिजिओ मॅडम,

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वर्षानुवर्षं ठरलेली होती: 'त्या बाजूच्या हाताने वजन उचलू नये.' भीती हात सुजण्याची. किती वजन, कधीपर्यंत, हे लिहिणाऱ्यांनी कधी लिहिलं नाही. विचारलं तर 'जपून राहा' एवढंच. मग बायका जपायच्या. बादली दुसऱ्या हाताने, पिशवी दुसऱ्या हाताने. खांदा आखडायचा, दंडातली ताकद जायची, आणि सुजायचा तो हात तरीही सुजायचाच.

2009 साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता. आधीच हाताला सूज असलेल्या 141 बायका त्यात होत्या. वर्षभर आठवड्यातून दोनदा बेताबेताने वाढवत वजनं उचलणाऱ्यांमध्ये सूज चिघळली 14 टक्के जणींची. न उचलणाऱ्यांमध्ये 29 टक्के. तरी कार्डावरची ओळ काही हलली नाही.

ती तुम्ही हलवलीत. पण आम्हाला सगळ्यात जास्त आठवते ती टेप. शिंप्याकडे असते तसली, पदरचे पैसे घालून आणलेली, एकेकीच्या हातात ठेवलेली. मनगट, कोपराच्या खाली 10 सेंटिमीटर आणि वर 10 सेंटिमीटर. महिन्यातून एकदा, दोन्ही हात, दर वेळी सकाळीच. टेप कातडीला टेकवायची, आवळायची नाही. आकडे फाइलच्या मागच्या पानावर. दोन हातांतला फरक आधीपेक्षा 2 सेंटिमीटरने वाढला तर लगेच दाखवायला यायचं. हाताचं काय होतंय ते स्वतःला मोजता आल्यावर बायकांची भीती निम्मी गेली. व्यायामाला त्या तयार झाल्या त्या यानंतर.

डंबेल आणा, असं तुम्ही कुणाला म्हणाला नाहीत. जखम भरून सर्जनने हो म्हटलं की आधी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. खांदा मोकळा झाला की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, म्हणजे अर्धा किलो. दहा वेळा, श्वास न रोखता, एक दिवस आड करून. सूज असेल तर स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी घट्ट बाही, घालूनच. लागोपाठ दोन वेळा हात जड वाटला नाही, बांगडी घट्ट झाली नाही, तरच वजन वाढवायचं. बिघडतं ते बहुतेक इथेच: बरं वाटलं की बाई एकदम भरलेली बादली उचलते, किंवा तापाने दहा दिवस पडून राहते आणि उठल्यावर जुन्याच वजनाला हात घालते. खंड पडला की खाली उतरायचं, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता बायकाच एकमेकींना दटावतात. हात लाल, गरम झाला तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. रेडिएशननंतरचा ताठरपणा काही महिन्यांनीही येतो, म्हणून हात ताणण्याचा व्यायाम सोडायचा नाही, हेही तुमच्याआधी कुणी सांगत नव्हतं.

'करू नका' म्हणून मोकळं होता येतं. तुम्ही शेजारी उभ्या राहिलात, मोजलंत, चुकलं तिथे हात धरून पुन्हा करून घेतलंत. कुणाच्या नोकरीच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं. चांगली माणसं ते करतात, बाकीचे सही करून पुढे जातात.

आता टेपचं बिल द्या. नाही म्हणू नका, वर्गणी काढून झाली आहे.

ओपीडीतल्या सिस्टर्स