काढा सुरू करण्यापूर्वी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तात्यांनी काढा आणि चूर्णासोबत दिलेले कात्रण आणि त्यावर बाबांनी केलेला प्रश्न, दोन्ही वाचले. हळद, दारुहळद आणि मिल्क थिसल या वनस्पतींतील द्रव्यांनी यकृताच्या आजारात मेंदूवर होणारा परिणाम कमी होतो, असे शास्त्रज्ञ म्हणत असतील, तर डॉक्टरांनी दिलेले ते गोडमिट्ट लॅक्टुलोज हे औषध पिऊन दिवसातून तीनदा शौचाला कशाला जायचे, असे तुम्ही विचारता. बाबा, प्रश्न रास्त आहे. असे शोधनिबंध वाचणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे उत्तर सविस्तर लिहिते.

आपण खातो त्या प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो आणि निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करून तो लघवीवाटे घालवते. बाबांना झालेल्या सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होण्याच्या आजारात, काम करणाऱ्या पेशी कमी उरतात, आणि आतड्याकडून येणारे बरेचसे रक्त आडवाटेने यकृताला वळसा घालून पुढे जाते. हा अमोनिया मेंदूत पोहोचला की तिथल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्यापासून ग्लुटामिन बनवतात. ते साचून पेशी फुगतात, आणि अंगात कुठे जंतुसंसर्ग असेल तर त्याचा दाह त्यात भर घालतो. दिवसा पेंग, रात्री टक्क जाग आणि पेन्शनच्या अर्जावरची बाबांची ती वाकडी सही, हे सगळे त्यातूनच आले. डॉक्टरांनी हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितले तेव्हा ते पंखांसारखे फडफडत होते, आणि मिनिटभरात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगायला लावली ती उगाच नव्हे. या आजाराची पातळी अशीच जोखतात.

आता कात्रणाविषयी. त्यात लिहिलेले खोटे नाही, पण ते उंदरांविषयी आहे. या संशोधनात थायोॲसिटामाइड नावाचे रसायन टोचून उंदरांचे यकृत बिघडवतात, आणि हळदीतले कर्क्युमिन, दारुहळदीतले बर्बेरिन किंवा मिल्क थिसलमधले सिलिमारिन दिलेल्या उंदरांचा अमोनिया कमी वाढतो, ते चक्रव्यूहात कमी चुकतात, असे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. मात्र असे निबंध वाचताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट शोधते: औषध कधी दिले? बरेचदा ते विषाच्या आधी किंवा विषासोबत दिलेले असते. शिवाय थायोॲसिटामाइड स्वतः फारसे विषारी नसते. यकृतातल्याच एका विकराने (एन्झाइमने) त्यात बदल केल्यावर ते घातक होते. वनस्पतिद्रव्याने त्या विकराला अडवले, तर विष तयारच होत नाही, यकृत वाचते, ओघाने अमोनियाही वाढत नाही आणि मेंदू शाबूत राहतो. निबंधाच्या मथळ्यात मात्र ‘मेंदूचे संरक्षण’ असे छापून येते. बाबा, तुमचे यकृत या विषाने बिघडलेले नाही, आणि ते बिघडून वर्षे लोटली आहेत.

सिलिमारिनमधला मुख्य घटक असलेल्या सिलिबिनिनचा माणसांतला सर्वांत नावाजलेला उपयोगही याच जातीचा आहे. युरोपात विषारी अमानिता अळंबी खाल्लेल्या रुग्णांना ते शिरेतून देतात, कारण अळंबीचे विष यकृताच्या पेशीत ज्या वाटेने शिरते ती वाट ते रोखते. जुनाट सिरॉसिसमध्ये सिलिमारिनने आयुष्य वाढते का, हे पाहणाऱ्या दोन चाचण्यांपैकी १९८९ च्या चाचणीने होय म्हटले आणि १९९८ च्या चाचणीला फरक आढळला नाही. हळदीतील कर्क्युमिन तर पोटातून रक्तात जेमतेम पोहोचते. म्हणून गोळ्यांत मिऱ्यातले पिपेरिन घालून त्याचे शोषण वाढवतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीला यातले काहीही लागू नाही. आई, ती तू नेहमीसारखी घाल.

मला काळजी तात्यांच्या काढ्यातल्या गुळवेलीची अधिक वाटते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. ज्याचे यकृत धडधाकट आहे त्याने काय करायचे ते त्याने ठरवावे; बाबांपाशी मात्र यकृताची शिल्लकच इतकी थोडी आहे की त्यातून असल्या वादाचा निकाल लावायला मी तयार नाही.

लॅक्टुलोजविषयी तुमची तक्रार खरी आहे. पोट फुगते, गुरगुरते, बाहेर जायची चोरी होते. पण माणसांच्या आतड्यात ते काय करते हे नीट ठाऊक आहे: तिथले जंतू त्याचे आम्ल करतात, त्या आम्लात अमोनियाचे जे रूप होते ते रक्तात सहज शिरत नाही, आणि शौचावाटे निघून जाते. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होणे हाच मात्रेचा हिशेब. त्याहून जास्त होऊ लागले तर अंगातले पाणी घटून गोंधळ उलट वाढतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करा, बंद करू नका. सोबतच्या रिफॅक्झिमिन या आतड्यातल्या जंतूंवरच्या प्रतिजैविक गोळीची २०१० साली प्रसिद्ध झालेली चाचणी २९९ रुग्णांवर झाली होती आणि त्यांतले बहुतेक जण लॅक्टुलोजही घेत होते. सहा महिन्यांत आजार पुन्हा उलटला तो गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा २२ जणांना, आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ४६ जणांना. कात्रणातल्या एकाही द्रव्याकडे या आजारासाठी असा आधार नाही.

वनस्पतींवर बाबांचा भरवसा आहे, तर तो ताटात दिसू दे. आई, कुणाच्या तरी सांगण्यावरून तू त्यांची डाळ कमी केलीस, ती पुन्हा सुरू कर. प्रथिने तोडायचा सल्ला आता मागे पडला आहे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे आता सांगतात, कारण यकृत दमले की अमोनिया निपटण्याचे बरेच काम स्नायू करतात आणि प्रथिनांअभावी तेच झिजतात. डाळी-कडधान्यांची प्रथिने या रुग्णांना मांसाहाराहून चांगली मानवतात, आणि त्यांतल्या चोथ्याने पोटही साफ राहते. रात्री झोपण्यापूर्वी एखादे मुगाचे धिरडे किंवा वाटीभर दही द्यावे, म्हणजे रात्रभराच्या उपाशीपोटी स्नायू खर्ची पडत नाहीत. मीठ मात्र पोटातल्या पाण्यामुळे बेतानेच.

काढ्याची बाटली आणि चूर्णाचा डबा टाकून देऊ नका. दोन्हींच्या लेबलांचे फोटो मला पाठवा आणि पुढच्या तपासणीला जाताना ते डॉक्टरांसमोर ठेवा; आतापर्यंत काही घेतले असेल तर किती तेही सांगा. झोप येत नाही म्हणून जुनी झोपेची गोळी मुळीच घेऊ नये. बाबा अचानक सुस्त झाले, बोलणे असंबद्ध झाले, ताप आला किंवा शौच काळे झाले, तर माझ्या फोनची वाट न पाहता, आई, शेजारच्या काकांना गाडी काढायला सांग.

तुमची,
मृणाल