हळदीचे हात

सांगली,
रविवार, रात्री

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "पप्पा, आजी चौथ्यांदा परत आलीय, सोडून देऊ का हे काम?" असं तू विचारलंस आणि मी फोन तुझ्या आईच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, ह्यांना काय कळतंय त्यातलं. तसं नव्हतं. चित्राविषयी बोलायचं तर माझ्या हातात काहीतरी लागतं, नुसतं तोंडानं मला जमत नाही. म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायला बसलोय.

तुझ्या कार्टूनमधल्या त्या आजीची तू पाठवलेली पानं मी स्टेशन चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडनं रंगीत काढून आणली. तीन पानं, साठ रुपये घेतले. पानं बाहेर येत होती तेव्हा तिथलं पोरगं म्हणालं, "काका, कुठल्या मसाल्याची जाहिरात आहे ही?" निम्मं तर मला तिथंच कळलं.

तुझ्या आजीला नथ आहे. कपाळभर कुंकू आहे, चष्मा आहे, अंबाडा आहे, अंबाड्यावर गजरा आहे. इरकली लुगडं, कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात लाटणं. तुझे साहेब म्हणतात, अजून जरा कॅरेक्टर पाहिजे, आणि तू दर वेळी एक दागिना वाढवतेस. पहिल्या पानावर नथ नव्हती, तिसऱ्यावर ती आली. पाचव्यांदा पाठवशील तेव्हा तोडेही येतील. हात तुझा चांगलाच आहे गं. गजऱ्यातलं फूल न् फूल मोजून घ्यावं असं काढलंयस. पण ती म्हातारी कुणाचीच आजी वाटत नाही. लग्नाच्या हॉलच्या दारात उभी केलेली वाटते.

काल मी एक उद्योग केला. तुम्ही ज्याला सिलुएट म्हणता ते. काळं कार्डशीट आणलं, तुझ्या आजीची बाहेरची कड ब्लेडनं कापली, समोरच्या खिडकीच्या काचेला चिकटवली आणि आत दिवा लावला. मग तुझ्या आईला दुधाची पिशवी आणायला पलीकडं पाठवलं आणि येताना सांग म्हटलं, काय दिसतंय. रस्त्यातनंच ओरडली, "घंटा दिसतीय!" नथ, कुंकू, चष्मा, सगळं काळ्यात बुडालेलं. चाव्यांचा जुडगा तेवढा बाजूला गाठ आल्यासारखा दिसत होता.

तुला गट्टू आठवतो का? नसेल, तू लहान होतीस तेव्हाच तो डब्यावरनं गेला. एशियन पेंट्सचा गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला. कपाळावर आलेली झुलपं, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. आमच्या कामावर डबे ओघळांनी भरायचे, गट्टूचं अर्धं तोंड लाल ऑक्साइडखाली जायचं, तरी झुलपाचा एक कोपरा दिसला की गट्टूच. माझ्याबरोबर एक हेल्पर होता, त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. त्याला कंपनीचं नाव सांगून उपयोग नसायचा, "गट्टूचा आण" म्हटलं की बरोबर डबा यायचा. लक्ष्मण यांनी त्या पोराला अजून चार गोष्टी घातल्या असत्या तर ओघळाखाली काय राहिलं असतं?

आणि मिकी. अंगणवाड्यांच्या भिंतींवर मी किती मिकी रंगवले याची मोजदाद नाही. पहिला चुकवला होता, ते तुला कधी सांगितलं नाही. नमुन्याच्या चित्रात हाताला चारच बोटं होती. मला वाटलं छापणाऱ्याची चूक, म्हणून मी माझ्या हुशारीनं पाचवं घातलं. भिंत पूर्ण झाली आणि बघतो तर पांढरे हातमोजे घातलेला डॉक्टर इंजेक्शन घेऊन आल्यासारखा दिसतोय. एक पोरगी दारातनंच परत फिरली. अंगणवाडीच्या बाई हसल्या, पण मला रात्रभर झोप नाही.

चार बोटांचं कारण पुढं तूच तुझ्या कॉलेजच्या पुस्तकातनं वाचून दाखवलंस. एवढ्याशा उंदराला पाच बोटं म्हणजे केळ्याचा घड दिसतो, आणि प्रत्येक हाताचं एक बोट कमी म्हणजे हजारो चित्रांत तेवढी मेहनत कमी. हातमोज्यांचं तर मला फारच पटलं होतं. 1928 साली मिकी पडद्यावर आला तेव्हा त्याला हातमोजे नव्हतेच. चित्रपट काळा-पांढरा, अंग काळं, हात काळे. पोटासमोर हात आणला की हात गायब. म्हणून 1929 मध्ये पांढरे हातमोजे आले. आज लोकांना वाटतं, काय ऐटदार उंदीर आहे. मुळात ती अडचण होती, आणि अडचणीवर काढलेला तोडगा होता. ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

लुगड्याचं आधी सांगतो, मला राहवत नाही. त्यावरचा चौकडा काढून टाक. तू म्हणशील, लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनच्या कोटाला चौकडाच आहे की. आहे. पण ते 1951 पासून रोज छापून येणारं एका चौकटीचं चित्र होतं, कोट दिवसातनं एकदाच काढायचा. तुझी आजी चालणार, वाकणार, वळणार. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमला धरलं तरी बारा चित्रं, मिनिटाला सातशे वीस. ते सगळं कॉम्प्युटर करतो हे माहीत आहे, बाहुलीला लावावेत तसे सांधे लावता हेही तू दाखवलंस. तरी तुझ्या त्या नमुन्यात कापड वळत होतं आणि चौकडा जागच्या जागी, खिडकीच्या जाळीसारखा. बघणाऱ्याचा डोळा तिथंच अडकतो, आजीच्या तोंडाकडं जातच नाही. आणि लक्ष्मण यांनाही सुरुवातीला गर्दीच काढायची होती. बंगाली, तमिळ, पंजाबी, सगळ्या प्रांतांची माणसं. रोजच्या घाईत एकेक जण वगळत गेले आणि शेवटी तो एकटा उरला.

चष्माही काढून टाक. शिकारी शंभू तुझ्या आवडीचा, टिंकलचे अंक तू उशाखाली ठेवायचीस. 1983 पासनं तो त्यात आहे, वसंत हळबे यांनी काढलेला, आणि टोपीखाली त्याचे डोळे कधी दिसतच नाहीत. तरी तो घाबरलाय हे सात वर्षांच्या तुला कळायचंच ना? कशावरनं कळायचं ते एकदा बघ.

आता खरं सांगायचं ते. 2019 च्या पुरात आपल्या खोलीत पाणी आलं तेव्हा माझ्या बऱ्याच वह्या गेल्या, तुला माहीतच आहे. दोन मी वाळवून माळ्यावर टाकल्या होत्या, उघडायचं धाडस केलं नव्हतं. काल रात्री काढल्या. पानं एकमेकांना चिकटलेली. उलथन्यानं हळूहळू सुटी केली. पोस्टर कलरचं सगळं धुऊन गेलंय, ज्या बोर्डांच्या नमुन्यांसाठी मी रात्री जागलो त्यांचे नुसते डाग राहिलेत. पेन्सिल मात्र पाण्याला दाद देत नाही. तशीच आहे. आणि त्या पेन्सिलीत तुझी आजी निघाली, म्हणजे माझी आई. नऊ-दहा चित्रं असतील. एकाही चित्रात मी तिला नथ काढलेली नाही. तिला नथ नव्हतीच.

तू तिला अंथरुणावरच पाहिलंस. मी पाहिली ती मार्केट यार्डाच्या बाजूला वखारीत हळद निवडायला जाणारी. पोत्यावर बसायची, एक गुडघा वर, हळकुंड एका बाजूला, गड्डे दुसऱ्या बाजूला. मनगटापर्यंत पिवळी. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. घरी आली तरी हात अंगापासनं लांब धरायची, कोपरं बाहेर काढून, मनगटं खाली सोडून, जणू तिच्या हातात ओलं काहीतरी आहे. दार ढकलायची कोपरानं. पदर डोक्यावर घ्यायची मनगटाच्या मागच्या बाजूनं. मला ताप आला तर तळवा कपाळावर कधी लावला नाही, उपडा हात लावायची, शाळेचा शर्ट पिवळा होईल म्हणून. पुढं काम सुटलं, हात पांढरे पडले, तरी तशीच धरायची. तुला अंथरुणातनं उपडा हात लावायची ते आठवतं का? तुला वाटायचं, आजीची बोटं दुखतात.

आणि एक. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की टणक आवाज येतो, ओलसर असलं तर येत नाही. दिवसभर तेच काम असल्यामुळं तिला सवयच लागली होती. पापड असो, बिस्कीट असो, कानाजवळ नेऊन मोडायची आणि ऐकायची. पास झालं तर खायची. नाहीतर, "ह्यो माल नाही चालायचा," म्हणून मला द्यायची.

आज सकाळी मी त्या पेन्सिलीच्या चित्रावरनं दुसरी काळी आकृती कापली. डोकं लहान, कोपरं बाहेर, हात लांब. हात आणि अंग यांच्यामधनं दोन्हीकडं उजेड येतोय, घंटेत तो येत नव्हता. ती खिडकीला लावली आणि तुझ्या आईला काही न सांगता पुन्हा दूध आणायला पाठवलं. (फ्रिजमध्ये आता तीन पिशव्या आहेत.) ती रस्ता ओलांडत होती, मान वर करून बघितलं, आणि चालता चालता तिचा हात पदराकडं गेला. डोक्यावर पदर घेऊनच घरात आली. मग स्वतःच हसली. माझ्याशी मात्र दुपारपर्यंत बोलली नाही.

मिकीला हातमोजे द्यावे लागले. तुझ्या आजीचे आधीच रंगलेले आहेत. लुगडं एका रंगाचं ठेव, गडद, हिरवं किंवा मातकट, म्हणजे हात कुठंही असले तरी दिसतील. कुंकू राहू दे. लाटणं काढून टाक, हातात काहीच देऊ नको. पुढनं, बाजूनं, पाठीमागनं अशी जी पानं करतेस त्यात पाठमोरीला सगळ्यात जास्त वेळ दे. पाठीमागनं ओळखली गेली तरच ती ओळखली गेली. आणि उभी काढायच्या आधी तिला चालव. आम्ही लहानपणी कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा बघायला सायकलवरनं जायचो. जुळे भाऊ, हवालदाराच्या वेषात, तोंड उघडायच्या आधीच पब्लिकमध्ये हशा. नुसत्या येण्यावर. मी पुढं कितीतरी दिवस त्यांच्यासारखं चालून आईचा मार खाल्ला.

एक कडू गोष्टही सांगून ठेवतो. एका भडंगवाल्याच्या बोर्डावर मी एक गोबरा मुलगा काढला होता, गालात बकाणा भरलेला. बोर्डाचे साडेतीनशे रुपये मिळाले. दोन वर्षांनी तो मुलगा पाकिटांवर आला, मग टेम्पोवर, मग फ्लेक्सवर. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "पेंटर, बोर्डाचे पैसे पोचले होते ना?" वकिलाला विचारलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा मालक काढून घेणाराच, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. नोकरीत काढलेल्याचंही तसंच. चित्र काढणाऱ्याचं म्हणून आपलं नाव सांगायचा हक्क मात्र आपल्याकडं राहतो. त्या मुलाचा आता मला राग येत नाही, तो बराच जाड झालाय. पण तू नोकरीच्या कागदावर सही केलीस तेव्हा काय लिहिलं होतं ते काढून वाच. आणि कच्ची पानं टाकू नको, तारीख घालून ठेव. पेन्सिलीनं.

काम सोडायचं का याचं उत्तर मी देत नाही. पाचव्यांदा पाठव, मग बोलू.

पिवळ्याचं राहिलंच. तू लेमन यलो घेशील, तुला तो आवडतो, पण हातावर तो प्लास्टिकसारखा दिसतो. क्रोम यलो घे, त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना, आणि नखांच्या कडेला त्याहून गडद. तळव्याच्या रेषांत रंग जास्त बसतो, बोटांच्या पेरांवर कमी. तुझ्या कॉम्प्युटरवर नंबर काय येईल ते मला माहीत नाही, म्हणून खाली ब्रशनं एक पट्टा ओढून ठेवलाय. तो उजेडात धरून जुळव. ओला असताना बरोबर होता, वाळल्यावर एक छटा खाली उतरलाय.

तुझा,
पप्पा