पोळी की भाकरी, एवढंच विचारलंत

डॉक्टर मॅडम,
स.न.वि.वि.

लॅबच्या खिडकीवर रोज इतके रिपोर्ट जातात, तुम्हाला मी आठवणार नाही. गेल्या पावसाळ्यातली, पांढऱ्या पेशी २,६०० वाली.

किमान ४,००० हव्यात हे कागदावरच छापलेलं असतं, घाबरायला डॉक्टर लागत नाही. आधी दोनदा 'व्हायरल असेल' म्हणून सोडून दिलं होतं, तिसऱ्यांदा एकदम बोन मॅरोचं, म्हणजे हाडातली मज्जा तपासायचं, नाव निघालं. घरात कुणी कॅन्सर म्हणालं नाही, पण ह्यांनी विम्याची फाइल काढून ठेवलेली मला दिसली.

तुम्ही मशीनच्या आकड्यावर न थांबता स्लाइड स्वतः पाहिलीत आणि रात्री साडेआठला फोन केलात. मी कणीक मळत होते, कोपराने स्पीकर लावला. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही? पायाला मुंग्या येतात? आणि मग, "घरी पोळी असते की भाकरी?" मी म्हटलं, इथे पोळी, माहेरी ज्वारीची भाकरी, आणि तिथे पोट बरं असतं. वीस वर्षं मी त्याचं श्रेय माहेरच्या पाण्याला देत होते!

सीलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हाने आतडं बिघडतं त्या रोगाची, तपासणी करा म्हणालात, पण ती होईपर्यंत पोळी सोडू नका, नाहीतर रोग असून निगेटिव्ह येईल. हे सांगितलं नसतंत तर मी दुसऱ्या दिवशीच गहू बंद केला असता. रक्तात टीटीजी, म्हणजे त्या रोगाची खूण, वाढलेलं निघालं, दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात आतड्याचे रसांकुर, म्हणजे अन्न शोषणारे बारीक उंचवटे, झिजलेले. आणि तुमच्या आग्रहाने तपासलेलं रक्तातलं तांबं अगदी तळाला. लोह काय, तांबं काय, मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं आणि माझा तोच भाग खराब. तांब्यावाचून मज्जेत पांढऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत. त्यात मी कोरोनापासून रोज झिंकची गोळी घेत होते, प्रतिकारशक्तीसाठी. जास्त झिंक तांब्याला आतड्यातच अडवून धरतं, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना.

सगळ्यांचं कारण तांबंच नसतं, कुणात फोलिक किंवा बी-१२ कमी असतं, कुणात शरीरच स्वतःच्या पेशींवर उठतं, हेही तुम्ही बजावलंत. म्हणून शेजारणीला माझी गोळी सुचवत नाही.

झिंक बंद, तांबं डॉक्टरांच्या सांगण्याने चालू, गहू हद्दपार. रवा, शेवया समजण्यासारखं होतं, पण हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं तुम्ही वाचायला लावलंत, तोवर माझ्या आमटीत रोज थोडा गहू जातच होता. सात आठवड्यांनी पेशी ४,३०० झाल्या.

फोनचे पैसे तुम्ही लावले नाहीत. दिवाळीत खिडकीवर नाचणीचे लाडू ठेवून आले होते, मिळाले असतील. डबा मात्र सासूबाईंचा आहे, बाजूला ठेवा. पुढच्या महिन्यात पेशी मोजायला, सीबीसीला, येतेच आहे.

तुमची,
२,६०० वाली