रात्री रक्त द्यायला आलेल्या चौघांना आणि आमच्या आशाताईंना

डिलिव्हरी नॉर्मल झाली, बाळ रडलं, सगळे पेढ्यांचं बोलायला लागले आणि माझं ब्लीडिंग काही थांबेना. गर्भाशय आकसतच नव्हतं म्हणे. ५०० मिलीच्या वर गेलं की धोका धरतात, माझं कधीच पुढे गेलेलं. मोठ्या दवाखान्यात नेताना १०८च्या गाडीत माझं पोट चोळत "ताई, डोळे मिटू नका" म्हणत राहिलेल्या डॉक्टर मॅडम, आणि अडीच वाजता बाईक काढून रक्त द्यायला आलेले चौघं, तुमची नावंसुद्धा विचारायची राहिली, नवऱ्याला अजून रुखरुख आहे. खूप खूप आभार.

घरी आल्यावर सगळे बाळाचे. मी म्हणजे फक्त दूध. आशाताई तशा बाळासाठी ४२ दिवसांत ६ वेळा येतात, पण आमच्या ताई आधी मला विचारायच्या, जेवलीस का, झोप लागते का, आणि तिसऱ्या खेपेला मी भडाभडा बोलले की डोळे मिटले की ते रक्तच दिसतं. "बाळ सुखरूप आहे ना, मग?" असं त्या म्हणाल्या नाहीत (बाकी सगळे म्हणाले!), सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन ७ निघालं, मनासाठी वेगळी चिठ्ठी मिळाली.

ताई, तुमचा अळीवाच्या लाडवांचा डबा अजून माझ्याकडेच आहे, रिकामा नाही देणार.