रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,
स. न. वि. वि.

डॉक्टरांचे आभार मी घरी सोडलं त्याच दिवशी मानले, पाटीवर लिहून का होईना. तुमचे राहिले. तुमची रात्रपाळी आणि आम्ही निघालो सकाळी अकराला.

खूण सांगतो: एसटीचा कंडक्टर, डाव्या पायाला पट्टी, गळ्याला भोक, पाटीवर सारखा 'पाणी' लिहिणारा. २२ वर्षं तंबाखू मळून उजव्या गालात धरली, तिथंच कॅन्सरची जखम झाली आणि भरेना. डॉक्टरांनी त्या बाजूचा खालचा जबडा काढला. पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड, वरच्या कातडीसकट आणि रक्तवाहिन्यांसकट, तिथं बसवलं. हाड कापून जबड्याच्या वळणाला आणलं, टायटॅनियमच्या पट्टीवर कसलं, मग मायक्रोस्कोपखाली त्याच्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. दोरा केसाहून बारीक. दहा तास उभी होती ती माणसं. पण हा जोड जगतो की नाही ते पुढच्या दोन-तीन रात्रींत ठरतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

तासातासाला तुम्ही यायचात. तोंडात बॅटरी मारायची, हातमोज्याचं बोट त्या कातडीवर दाबून सोडायचं, रंग कसा परत येतो ते बघून कागदावर टिपायचं. डोळा लागला की तुम्ही हजर. खरं सांगतो, राग यायचा.

दुसऱ्या रात्री अडीचला तुम्ही जरा जास्तच वेळ बघितलंत. बॅटरी मंद झाली होती. तळहातावर दोनदा आपटलीत, मग मोबाइलचा उजेड धरलात. बोलला काहीच नाहीत. पुढची फेरी साडेतीनची, पण तुम्ही पंधरा मिनिटांत परत आलात आणि लगेच डॉक्टरांना उठवलंत. कातडी निळसर पडत होती. त्यांनी सुई टोचली तर काळपट रक्त भळकन आलं. रक्त आत जात होतं, बाहेर पडायची वाट बंद. शिरेत गुठळी. चारच्या आत मी पुन्हा टेबलावर. गुठळी काढून शीर नव्यानं जोडली. सकाळपर्यंत थांबलो असतो तर लावलेलं सगळंच काढावं लागलं असतं, असं मोठे डॉक्टर राउंडला म्हणाले. तेव्हा तुमची पाळी संपली होती.

पुढं एक गंमत झाली. जिभेला गालाच्या आत केस लागायला लागले. पायाचेच ते! बायको म्हणाली, आता आतूनही दाढी करा. मग रेडिएशनचे ३० शेक झाले, त्यात ते गळून गेले.

भाकरी आमटीत कुस्करून खातो. 'प' म्हणताना ओठातून हवा सुटते, म्हणून गाडीऐवजी आगारात हिशेबाला बसतो. तंबाखूची डबी मात्र गेली ती गेलीच.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय. मुक्काम करून रात्री वॉर्डात येईन. येताना बॅटरीला सेल आणतो.

आपला,
खाट नंबर सात