मतदार यादीत खेळाडू कुठे आहे?

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, तेव्हा यापुढे खेळाडू केंद्रस्थानी असेल असा शब्द सरकारने दिला. क्रीडा महासंघाची कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची, त्यात किमान २ नामवंत खेळाडू, किमान ४ महिला. जागा दिल्यात, अध्यक्ष निवडणारी बहुतांश मते मात्र संघटनांकडेच राहिली.

याचा परिणाम देशाने पाहिला आहे. २०२२ मध्ये फुटबॉल महासंघाच्या घटनेच्या मसुद्यात ३६ खेळाडू मतदार होते. फिफाने महासंघ निलंबित केला आणि खेळाडूंची नावे यादीतून गेली. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत माजी कर्णधार बायचुंग भुतियांना १ मत पडले, समोर ३३. डिसेंबर २०२३ मध्ये कुस्ती महासंघात राष्ट्रकुल सुवर्णविजेत्या अनिता श्योराण यांना ७, समोर ४०. साक्षी मलिकने त्याच दिवशी बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली.

खरी गडबड जिल्ह्यात होते. राज्य संघटनेची निवडणूक जवळ आली की दुसरी जिल्हा संघटना उभी राहते. राज्य संघटना सोयीची धरते, दुसरी कोर्टात जाते. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) वर्षानुवर्षे पडून राहतो, तोवर अधिकृत कोण हेच ठरत नाही. भरडला जातो खेळाडू. त्याची प्रवेशिका नाकारली जाते, आणि शासकीय नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला गेले की संघटनाच मान्यताप्राप्त नव्हती असा शेरा येतो. पदाधिकारी भांडतात, वयोमर्यादा खेळाडूची ओलांडते. हे कुठल्या न्यायात बसते?

नियमांत हे लिहा. मतदार यादी निवडणुकीच्या ६० दिवस आधी गोठवा आणि संघटनेच्या वतीने मत देणाऱ्या प्रतिनिधीचे नाव, त्याला नेमल्याचा ठराव, त्या सभेची हजेरी यांसह संकेतस्थळावर टाका. आदल्या रात्री प्रतिनिधी बदलण्याचा खेळ तिथेच थांबेल. वाद असलेल्या जिल्ह्यात मत कोणाचेच धरू नका, पण खेळाडू दोन्हीकडचे खेळू द्या. गेल्या चार वर्षांत राज्य अजिंक्यपद खेळलेल्या प्रत्येक सज्ञान खेळाडूला मत द्या. तेही ऑनलाइन नको: नोंदणीत संपूर्ण संघासमोर प्रशिक्षकाचा एकच मोबाइल नंबर असतो, सगळे ओटीपी त्याच्याकडे जातील. स्पर्धेच्या ठिकाणी, ओळखपत्र तपासून, कागदी मतपत्रिकेवर गुप्त मतदान घ्या.

क्रिकेटमध्ये आपल्या एका राज्याची तीन मते आहेत: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. क्रिकेट सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीचा 'एक राज्य, एक मत' नियम २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. संघटना लढल्या आणि २०१८ मध्ये तिन्ही मते परत मिळवली. संघटनांच्या मतासाठी ज्येष्ठ वकील उभे राहतात, सत्ताधारी आणि विरोधक एका पॅनेलवर येतात. खेळाडूच्या एका मतासाठी यांतले कोणी उभे राहिलेले आम्ही पाहिले नाही. आपणही नाही.

आम्हाला सत्कार नकोत, समित्याही नकोत. वरच्या मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, एवढे लेखी कळवा.

— जिल्हा पातळीवर काम करणारे प्रशिक्षक व पंच