इंटर्नशिपला पोरं येतात, सर कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून द्यायचं, छोटं युनिट आहे. मे महिना आला की इंजिनिअरिंग डिप्लोमाची पोरं कॉलेजचं लेटर घेऊन दारात उभी राहतात. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, नव्या अभ्यासक्रमात (के स्कीम) आता बारा आठवड्यांची इंटर्नशिप आहे, आधीच्या स्कीममध्ये सहाच आठवडे होते, त्यामुळे बदल चांगलाच आहे त्याबद्दल वाद नाही. पण बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न काय, तर "काका, रोज यावंच लागेल का? की नुसतं सही-शिक्क्यावर भागेल?" आणि यात पोरांना तरी काय बोलणार, सिनियरचं तसंच भागलेलं त्यांनी बघितलेलं असतं. आमच्याच लाइनीत लेटरहेड वाटणारे आहेत हेही सांगून टाकतो.

जी पोरं खरंच येतात त्यांचं बघा. मागच्या वर्षी एक मुलगा होता, हुशार. मशीनवरनं नुकताच उतरलेला, हाताला चटका बसेल असा अॅल्युमिनियमचा 100 मिमीचा जॉब (म्हणजे पार्ट) त्याने व्हर्नियरने, मोजमापाच्या पट्टीने, मापला, ओके म्हणून ठेवून दिला आणि थंड झाल्यावर क्यूसीत, म्हणजे तपासणीत, तोच जॉब अंडरसाइज निघाला. वीसेक अंशाने गरम असला तरी एवढा जॉब 0.05 मिमीच्या आसपास फुगतो. गंमत म्हणजे प्रसरणाचा फॉर्म्युला त्याला तोंडपाठ होता! वहीतला फॉर्म्युला आणि हातातला जॉब एकच आहे हे त्याला कोणी जोडून दाखवलंच नव्हतं. ऑपरेटरने "गरम जॉब मापू नको रे" एवढंच सांगितलं, ऑपरेटर तेवढंच सांगणार. पुढचं सांगायला सर पाहिजेत ना तिथे, पण बारा आठवड्यांत सर एकदाही आले नाहीत, एक फोन आला तोही अटेंडन्सची एक्सेल शीट पाठवा म्हणून.

कॉलेज आणि कारखाना जोडून शिकवायची ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने 1906 मध्ये 27 विद्यार्थ्यांवर सुरू केली, पोरांच्या जोड्या लावल्या, एक आठवडाभर वर्गात तर दुसरा कारखान्यात, मग अदलाबदल. माझा भाचा कॅनडात वॉटर्लूला शिकतो, तिथे 1957 पासून को-ऑप म्हणून अशीच पद्धत आहे, चार महिने कॉलेज, चार महिने पगारी काम, काम संपलं की पोरगा रिपोर्ट लिहितो आणि कंपनी त्याचं मूल्यमापन करते. यावर तिकडे ढिगाने संशोधन झालंय आणि त्यातनं पुन्हा पुन्हा हेच पुढे येतं की नुसतं कामाला लावून कोणी शिकत नाही, केलेल्या कामावर नंतर कोणीतरी बसून बोलावं लागतं.

लांब कशाला, आपल्याकडचे कृषिदूत-कृषिकन्या, म्हणजे गावात जाऊन शिकणारी कृषी कॉलेजची पोरं घ्या. बोर्डो मिश्रणाच्या (पिकावरच्या बुरशीच्या औषधाच्या) प्रात्यक्षिकाचे त्यांचे फोटो तुमच्याच पेपरात येतात, आपण हसतो, पण ती पोरं गावात राहतात, शेतकऱ्याच्या बांधावर जातात आणि त्यांचे प्राध्यापकही तिथे येतात. हे इंजिनिअरिंगवाल्यांना का जमू नये?

पैशाचंही बोलायला हवं. अप्रेंटिससाठी 1961 चा कायदा आहे, किमान स्टायपेंड ठरलेला आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये आली तेव्हा तिच्यात महिना 5000 ठरले होते पण फुलटाइम शिकणाऱ्याला ती लागू नव्हती. मग हा डिप्लोमाचा पोरगा मधल्यामध्ये लटकतो, पीएमपी बसचं भाडं आणि डबा सगळं घरच्यांच्या जिवावर. मी जेवण आणि थोडेफार पैसे देतो, पण मालकाच्या मर्जीवर किती सोडायचं?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बॅचमागे एका शिक्षकाचे तास टाइमटेबलमध्येच इंटर्नशिपसाठी मोकळे ठेवा, पंधरा दिवसांतनं एकदा त्यांनी शॉपफ्लोरवर यावं, प्रवासभत्ता कॉलेजने द्यावा आणि इन्स्पेक्शनला आल्यासारखं केबिनमध्ये चहा पिऊन न जाता पोराच्या मशीनपाशी उभं राहावं. यंदा मी कॉलेजांना आधीच कळवून टाकलंय, सर येणार असतील तरच पोरं घेईन, नुसता शिक्का मिळणार नाही.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी